व्हायरल फोटोवर वाद घालण्याआधी त्याची शहानिशा कशी करायची

‘फोटो खरा की खोटा?’ इथून सुरुवात केली की शोध भरकटतो. फोटो बऱ्याचदा खराच असतो, खोटी असते ती त्याखालची ओळ. म्हणून आधी दावा सुटा करा: कोण, कुठे, कधी, काय. त्यातलं ‘कधी’ पहिल्यांदा तपासा. जुना फोटो नव्या भांडणात खपवायला काहीच कसब लागत नाही, त्यामुळे हा उद्योग फार चालतो.

गूगल लेन्स आणि टिनआय ही फोटोवरून फोटो शोधणारी साधनं, दोन्ही वापरा. लेन्स सारखं दिसणारं शोधतं, म्हणून इमारत किंवा पाटी ओळखायला बरं. टिनआय तोच फोटो शोधतं, कडा कापलेल्या किंवा रंग बदललेले असले तरी, आणि निकाल सर्वांत जुन्यापासून लावायची सोयही देतं. तिथली तारीख मात्र टिनआयला तो फोटो पहिल्यांदा सापडला त्या दिवसाची असते, काढल्याची नव्हे. म्हणजे फोटो निदान तितका जुना आहे एवढं नक्की, आणि ‘आज सकाळची घटना’ खोडायला तेवढं पुरतं.

काहीच सापडलं नाही तर फोटोवरची अक्षरं, चौकट, इमोजी कापून टाका आणि फक्त एक ठळक भाग ठेवून पुन्हा शोधा. तरीही नाही? फोटो आडवा उलटवा. शोध चुकावा म्हणून मुद्दाम आरशासारखी उलटी केलेली चित्रं बरीच फिरतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की समजावं.

व्हिडिओ थेट शोधता येत नाही. तो थांबवत 4-5 स्क्रीनशॉट घ्या: पहिलं दृश्य, जिथे दृश्य बदलतं ती जागा, आणि पाटी किंवा वाहनाचा क्रमांक दिसतो तो क्षण. हलत्या कॅमेऱ्यातली धूसर चौकट कामाची नाही. आवाजाला पुरावा मानू नका, तो नंतर सहज चिकटवता येतो.

मेटाडेटा, म्हणजे फोटो कधी, कुठे, कशावर काढला याची फाइलमध्येच दडलेली नोंद, पाहायचा तर मूळ फाइल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रातून तो गळून पडलेला असतो. पाठवणाऱ्याकडे फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो मूळ माणसापासून निदान 5 फॉरवर्ड लांब आला आहे. मजकूर कॉपी करून नव्याने पाठवला की तो बाण जातो, त्यामुळे बाण नाही म्हणजे बातमी ताजी असं नव्हे.

पोस्टचा स्क्रीनशॉट हा तर सगळ्यांत कच्चा पुरावा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून कुणाच्याही नावाखालचं वाक्य मिनिटभरात बदलता येतं. मूळ खात्यावर जा, नावातलं एकेक अक्षर जुळवा, वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पोस्ट काढून टाकली असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर पाहा. तिथे नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही, प्रत्येक पान तिथे साठवलेलं नसतं.

उलट बाजूही सांभाळावी लागते, खऱ्यालाच खोटं म्हणून बसण्याची. पुराच्या पाण्यात रस्त्यावर पोहणारा शार्क 2011 मध्ये प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला. तो शार्क दक्षिण आफ्रिकेत काढलेल्या, 2005 मध्ये छापलेल्या कयाकच्या (छोट्या वल्ह्याच्या होडीच्या) फोटोतून उचललेला होता. पुढे कित्येक पुरांत तोच शार्क पुन्हा अवतरला. मग 2022 मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सहून असाच व्हिडिओ आला, लोकांनी तो हसण्यावारी नेला, आणि मूळ फाइलच्या मेटाडेटावरून तो खरा निघाला. मासा शार्कच होता का, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, ते वेगळं.

एआयच्या चित्रांत बोटं मोजत बसू नका, ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही. ‘92 टक्के एआय’ सांगणारी साधनंही चुकतात. त्यापेक्षा त्याच घटनेचं दुसऱ्या कोनातून कुणी काही टिपलं आहे का ते शोधा. भर गर्दीतल्या घटनेचा एकच फोटो असेल तर थांबा.

उत्तर देताना नुसतं ‘फेक’ लिहू नका. सापडलेल्या सर्वांत जुन्या प्रतीची लिंक, तिची तारीख आणि कोण, कुठे, कधी, काय या चारपैकी नेमकं काय चुकलं ते एका ओळीत द्या. स्क्रीनशॉट जोडायचाच तर त्यावर आडवं ‘चुकीचा दावा’ लिहून जोडा, नाहीतर पुढच्या फेरीत तुमचंच चित्र पुरावा म्हणून फिरतं.