बुरडाच्या अंगणात बसण्याआधी

दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी हातची वस्तू हवी, असं म्हणत दर हिवाळ्यात कुणी ना कुणी पाहुणा आमच्या पूर्व विदर्भात येतो आणि दुकानातून बांबूचे चार पेनस्टँड घेऊन परत जातो. पेनस्टँडशी माझं वैर नाही. पण एकुलती एक वस्तू फळीवर मांडलेली मिळत नसते. ती करवून घ्यावी लागते किंवा स्वतः करावी लागते, आणि दोन्हींची तयारी निघायच्या बरीच आधी सुरू होते. पिशवीत काय भरायचं ते सगळ्यात शेवटी बघू. आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा.

तुम्हाला सुट्टी कधी आहे यापेक्षा कारागीर मोकळा कधी आहे हे महत्त्वाचं. होळी झाली की कुंभार माठ-रांजणांत गुंततो, ते अक्षय्य तृतीयेपर्यंत. पावसाळ्यात मडकी वाळत नाहीत, भट्टी थंड. त्यातही पोळ्याआधी मातीचे बैल करायचे असतात, पुढे दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडी. सुताराला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करायचे असतात. पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी, म्हणजे कोरीव, तुमच्या घरच्या बैलासारख्या वशिंडाचा नंदी हवा असेल तर त्याच्याकडे उन्हाळ्यातच शब्द टाकून ठेवा. आषाढात तो शेतीची अवजारं दुरुस्त करत असतो आणि श्रावणात दहा जणांचे नंदी एकदम घडवत असतो. त्या गर्दीत तुमच्या बैलाचं वशिंड इतरांसारखंच निघणार.

बुरडाचं, म्हणजे बांबूच्या वस्तू विणणाऱ्याचं, गणित आणखी वेगळं. दिवाळीनंतर धान निघतं, सुपं-टोपल्यांना मागणी येते आणि घरातली अर्धी माणसं कापणीलाही गेलेली असतात. वैशाखात लग्नसराई. उरतो तो संक्रांत ते महाशिवरात्र हा काळ. ऊन सोसवतं, पावसानंतर तोडलेला बांबू हाताशी असतो आणि माणसाला दोन शब्द बोलायला सवड असते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते तेव्हा यायचा मोह होईल. जरूर या, दंडार हे लोकनाट्य बघा, रात्रीचं नाटक बघा, कोण काय विकतंय त्यावर नजर ठेवा. पण त्या गर्दीत कुणाला काम सांगू नका, सकाळपर्यंत दोघांच्याही लक्षात राहत नाही.

काळ ठरला की दिशा ठरवा, आणि एकच ठरवा. नकाशावर विदर्भ एवढासा दिसतो, पण मेळघाटातलं लवादा आणि गडचिरोली ही त्याची दोन टोकं आहेत. लवादाला, धारणी तालुक्यात, संपूर्ण बांबू केंद्र आहे. चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलं की चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र. कोसा, म्हणजे टसर रेशीम, बघायचा तर भंडाऱ्याकडे वळून मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव. भंडारा पितळेच्या भांड्यांचंही गाव. भद्रावतीला मातीकाम. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर वर्ध्याला उतरून मगन संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. १९३८ साली खुद्द गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे संग्रहालय ग्रामोद्योगांसाठीच आहे, आणि चरख्यांचे किती प्रकार माणसाने करून पाहिले ते बघितल्यावर हातकामाबद्दलचा भाबडेपणा बराच कमी होतो.

मी बांबूवरच जास्त बोलणार आहे, कारण नवख्या हाताला तो लवकर दाद देतो आणि लवकर धडाही शिकवतो. कारागीर शोधायला आठवडी बाजारासारखी जागा नाही. सकाळी, माल उतरत असतानाच जा. सुपांच्या चळतीशेजारी बसलेल्या बाईला भाव विचारण्याआधी एक सूप हातात घ्या आणि उजेडासमोर धरा. वीण कुठे विरळ आहे ते लगेच दिसतं. मूठभर तांदूळ मागून तिथेच पाखडून बघा. चांगल्या सुपात दाणा मागे येतो आणि कोंडा पुढे सरतो, काठाशी काही अडकत नाही. कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, चकचकीत असतील तर त्या सालीकडच्या. मळकट, मऊ दिसत असतील तर पोटातल्या. पोटातल्या स्वस्त पडतात, पण घुण आधी त्यांनाच लागतो, कारण पिठूळपणा तिथे जास्त. एवढं बघून झाल्यावर विचारा, “मावशी, हे विणलं कोणी?” ती स्वतःकडे बोट दाखवेल किंवा गावाचं नाव सांगेल. तुमचा पत्ता मिळाला.

भेटायला जाताना फोटो कमी न्या, माप जास्त न्या. मोबाइलवरचा परदेशी टोपलीचा फोटो दाखवून ‘अस्संच पाहिजे’ म्हणणाऱ्याला तस्संच मिळतं, म्हणजे नक्कल मिळते. त्यापेक्षा वस्तूत काय ठेवायचं ते सांगा. भाकरीची टोपली हवी असेल तर घरची भाकरी केवढी ते जुन्या वर्तमानपत्रावर गोल आखून, कापून आणा. एकावर एक किती ठेवता तेही सांगा. आमच्याकडे अजून वीत आणि बोटं चालतात, टेप काढलात तरी समोरचा माणूस त्यावर आपली वीत ठेवूनच माप मनात घेतो. नातवाच्या पाळण्यावर टांगायचं काही हवं असेल तर पाळण्याची रुंदी आणा, दिवाणखान्यातला दिवा झाकायचा असेल तर दिवाच आणा. आणि एक गोष्ट मुद्दाम मोकळी सोडा. काठाची वीण, झाकणाची मूठ, काहीही. ते त्यांच्यावर सोपवलं की हात कसा फुलतो ते बघा. एकाच नमुन्याचे पन्नास नग करून कंटाळलेल्या माणसाला ‘इथे तुम्हाला वाटेल तसं करा’ हे वाक्य कुणी क्वचितच ऐकवतं.

घाई मात्र दाखवू नका. ‘रविवारपर्यंत मिळेल का’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे, “घाई असन त बजारातून घेऊन जा ना जी.”

आता स्वतः करायचं असेल तर बांबू कुठून आणायचा? जंगलात शिरून तोडायचा नाही, हे पहिलं. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) बांबू मालकाला विचारून तोडता येतो. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तरी स्वतःच्या बांबूला वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार हाती यायला २०११ उजाडलं. अख्ख्या गावाला एवढं झगडावं लागलं, तिथे तुम्ही गाडीच्या टपावर दोन हिरवे बांबू बांधून नाक्यावरून निघालात तर काय होईल ते सांगायला नको. सरळ बुरडाकडूनच विकत घ्या. ‘मानवेल’ मागा. तो भरीव, चिवट आणि सरळ पेरांचा असतो. कटांग मोठा आणि पोकळ, काट्यांचा, तो मांडवा-ताट्यांना बरा. कोवळा कोंब आणि जुना खोड दोन्ही टाळा. दोन-तीन वर्षांचा बांबू विणकामाला बरा. हिरवा मिळाला तर त्याच आठवड्यात फाडा. वाळलेला असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर वळवताना कडकन मोडेल.

टिकण्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजवतात, दिव्याच्या शेडला किंवा भिंतीवरच्या वस्तूला ते ठीक. भाकरीच्या टोपलीला मी ते लावू देणार नाही. तिथे जुनी रीत बरी, बांबू काही आठवडे नाल्याच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवायचा, म्हणजे आतला गोडवा निघून जातो. पुढे चुलीच्या धुराने भागतं.

अंगणात बसायला जाताना अंगावर जुने, पूर्ण बाह्यांचे कपडे असू द्या. पायाशी कामट्यांचा पसारा असतो, म्हणून बंद चपला. बोटात शिरलेलं कुसळ काढायला सुई किंवा चिमटा, चिकटपट्टी, पाण्याची बाटली. कोयता नेऊ नका. त्यांचा कोयता त्यांच्या हाताच्या सवयीचा असतो, तुम्हाला ते देतील तो घ्यायचा. मांडीवर घ्यायला मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा न्या. कामटी पातळ करताना तो मांडीवर पसरतात, त्यावर कामटी ठेवतात आणि पातं तिच्यावर टेकवून एका जागी घट्ट धरतात. मग दुसऱ्या हाताने कामटी ओढली जाते. हलते ती कामटी, पातं नाही. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, सुरी चालवायला जातो, आणि कामटी एका ठिकाणी कागदासारखी तर दुसऱ्या ठिकाणी लाकडासारखी निघते.

फाडतानाही एक खुबी आहे. चीर मधून जायला हवी, पण ती एका बाजूला सरकू लागते, मग एक फाळका जाड आणि एक पातळ होतो. अशा वेळी जाड बाजू जास्त वाकवायची, चीर तिकडे वळून पुन्हा मध्यावर येते. हे सांगून कळत नाही, बोटांना कळावं लागतं, म्हणून पहिला दिवस नुसता फाडण्यातच गेला तर वेळ वाया गेला असं समजू नका. विणायला बसलात की बुडाशी उभ्या कामट्या मोजा. त्या विषम असाव्यात. सम असतील तर प्रत्येक फेरीला आडव्या कामटीची वर-खाली उडी तिथेच पडते आणि वीण आवळत नाही. सम निघाल्या तर एक कामटी मधून चिरून दोन करायची. काठ बांधायला पूर्वी पळसाच्या मुळाच्या सालीचा दोर वापरत, आता सुतळी किंवा प्लास्टिकची दोरी दिसते. पळसाचा दोर वळणारं कुणी आसपास आहे का, हे नक्की विचारा. असेल तर त्याचे पैसे वेगळे द्या.

पैशांचं बोलणं सुरुवातीला उरकावं. दिवस किती जातील ते विचारून मजुरी ठरवा, नगावर नको, कारण एकच नग करायला हात बसवण्याचा वेळही त्यातच जातो. निम्मा इसार द्या. शिकायला बसत असाल तर तुमच्यामुळे त्यांचा जो दिवस बुडतो त्याची मजुरी वेगळी. क्यूआर कोड आता बऱ्याच घरांत आहे, पण नेटवर्क असेलच असं नाही, सुटे पैसे ठेवा. घासाघीस बाजारात करा, अंगणात नको. आणि फोटो विचारून काढा, काम करताना कुणाचा पदर सरकलेला असतो, कुणाच्या घरी नुकतंच भांडण झालेलं असतं.

कोशाच्या वाटेला निघालेल्यांसाठी थोडक्यात. करवती काठाची साडी तीन धोट्यांनी, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या तीन साधनांनी, विणतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, त्यामुळे काठ आणि अंग एकमेकांत गुंफले जातात आणि मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत. म्हणून साडी उलटी करून बघा, करवतीचे दात दोन्हीकडे तितकेच स्वच्छ हवेत. रेशमाची शंका असेल तर कडेचा एक धागा मागून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम, गोळी झाली तर कृत्रिम. विणकराकडून एखादा रंग वेगळा हवा असेल तर ताणा (उभे धागे) लावण्याआधी पोचायला हवं, नंतर फार तर बाणा (आडवे धागे) बदलता येतो. पळसफुलांचा केशरी रंग हौसेने मागितला जातो, दिसतोही सुरेख, पण तुरटी घातली तरी उन्हात आणि धुण्यात तो उतरत जातो, हे आधीच मान्य करून मागा.

ज्यांना यंदा निघणं जमणारच नाही, त्यांनी घरात पाहावं. विरलेली टोपली माळ्यावर असेलच. जुन्या वह्यांचे कागद तीन-चार दिवस भिजवा, भिजवलेली मेथी वाटून त्यात घाला, थोडी चिकणमाती, आणि सगळं कुटून गुळगुळीत लगदा करा. टोपलीला आतून-बाहेरून थापा. नवीनच करायची तर पालथ्या पातेल्यावर आधी ओलं फडकं घाला, म्हणजे वाळल्यावर सुटून येते. ऊन कडक हवं, त्यामुळे हे काम मार्च-एप्रिलचं. मेथीच्या कडूपणामुळे कीड लांब राहते असं आमच्याकडच्या आज्या सांगतात आणि त्यांच्या टोपल्या बघता वाद घालावासा वाटत नाही. वरून गेरूचा हात, त्यावर पांढऱ्या मातीची बोटं.

शेवटी वाहतूक. भाकरीची टोपली मांडीवर येते. धान्याची ढोली, म्हणजे मोठी कणगी, करवून घेतलीत तर ती एसटीच्या दारातून आत जात नाही आणि टपावर बांधली तर काठ दबतो. तिच्यासाठी माल घेऊन चंद्रपूरला जाणारा छोटा हत्ती (छोटा टेम्पो) आधीच सांगून ठेवा, भाडं परतीच्या फेरीचं ठरवा आणि ढोली आडवी न ठेवता उभी ठेवायला सांगा. घरी आणल्यावर बुडाखाली दोन विटा द्या, आणि खाली घुणाची बारीक पिवळी भुकटी पडलेली दिसली तर त्याच दुपारी ढोली उन्हात काढा.