मुलांच्या खोलीसाठी लाकडी गोटी-घसरगुंडी

भिंतीवर टांगलेली फळी आणि तिच्यावर नागमोडी उतरत जाणाऱ्या लाकडी पन्हळी. वरून गोटी सोडली की ती दहा-बारा सेकंदांनी खालच्या तबकात येऊन पडते. सगळा खेळ उताराचा आहे. बहुतेक जण पन्हळी जास्त तिरप्या लावतात, मग गोटी सुसाट सुटते आणि वळणावर उडून पलंगाखाली जाते. मूल गोटीचा पाठलाग नजरेने करत असतं, त्यामुळे ती सावकाश उतरली तरच खेळ रंगतो. ४९० मिमी लांबीत ३० मिमी उतार, म्हणजे साधारण साडेतीन अंश, पुरेसा होतो. डोळ्यांना तो फारच कमी वाटेल, तरी वाढवू नका.

फळीसाठी १२ मिमीचा बीडब्ल्यूआर (ओलाव्याला टिकणारा) प्लाय ६०० × ७५० मिमी कापून घ्या. प्लायच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांत हे माप बहुधा मिळतं. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) घेऊ नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड सुटते. पन्हळीच्या तळासाठी २० × १२ मिमीची आणि पुढच्या काठासाठी २४ × ६ मिमीची पट्टी प्रत्येकी ४ मीटर लागेल. सागवानी मिळाली तर उत्तम, नाहीतर वाळलेलं पाइन चालेल. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून टोकाकडून बघा. वाकलेली दिसली तर दुकानातच परत करा, स्क्रूने ओढून ती सरळ होत नाही. याशिवाय २६ × २० मिमीच्या दोन उभ्या पट्ट्या (६२० मिमी), २५ मिमीचे बारीक स्क्रू चाळीसेक, ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिकचे ६० × ९० मिमीचे सात तुकडे, पातळ फेल्ट (दाबून केलेलं लोकरीसारखं मऊ कापड), फेविकॉल आणि १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या.

गोट्या नेहमीच्या १६ मिमीच्या. स्वस्त गोट्यांत काही अंडाकृती निघतात, काहींना टवका गेलेला असतो. काचेवर घरंगळत सोडून बघा, जी झोकांड्या खाते ती बाजूला काढा.

इथे फळी हीच पन्हळीची मागची भिंत असते. फळीतून २० मिमी बाहेर आलेली पट्टी हा तळ, आणि त्याच्या पुढच्या कडेला चिकटवलेली काठपट्टी. काठ तळाच्या वर १२ मिमी येतो, म्हणजे गोटी अडते आणि दिसतेही. २० मिमी रुंदीत १६ मिमीची गोटी सैल वाटेल, पण पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा ही ४ मिमी मोकळीकच उपयोगी पडते.

आखणी गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) करा. मापं फळीच्या वरच्या आणि डाव्या कडेपासून घ्या. डावी उभी पट्टी २० ते ४० मिमीवर, उजवी ५६० ते ५८० वर, दोन्ही वरून ६० मिमीपासून ६८० पर्यंत. पहिली पन्हळ डावीकडे ४० मिमीवर, वरून ८० ला सुरू होते आणि उजवीकडे ५३० मिमीवर, ११० ला संपते. दुसरी उजवीकडे ५६० मिमीवर, १६५ पासून डावीकडे ७० मिमीवर, १९५ पर्यंत. पुढे प्रत्येक जोडीला उंचीत १७० मिळवत जा: तिसरी २५० ते २८०, चौथी ३३५ ते ३६५, आणि असंच करत सातवी ५९० ते ६२०. ही मापं तळाच्या वरच्या पृष्ठभागाची आहेत, पट्टीच्या खालच्या कडेची नाहीत. इथे गल्लत झाली की सगळंच १२ मिमीने सरकतं.

पन्हळीचं टोक आणि उभी पट्टी यांत ३० मिमीची फट राहते, तिच्यातून गोटी खाली पडते. ही फट फार महत्त्वाची. गोटी टोकाशी येते तेव्हा सेकंदाला जवळपास ६० सेंटिमीटर वेगात असते. ५५ मिमी खाली पडेपर्यंत ती सहज सहा सेंटिमीटर पुढे जाईल, म्हणून तिला उभ्या पट्टीवर आपटवून थांबवायचं. फट २० मिमीपेक्षा कमी ठेवली तर गोटी अडकते. ५० केली तर खाली पडल्यावर दोन-तीनदा उसळते.

जोडण्याआधी घासून घ्या, कारण नंतर आत हात पोचत नाही. १२० ने सुरुवात, शेवट २२० ने, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मग चपडा पॉलिशचे किंवा पाण्यात मिसळणाऱ्या क्लिअर कोटचे दोन हात द्या. जिथे फेविकॉल लागणार त्या कडांवर आधी टेप लावा, पॉलिशवर फेविकॉल धरत नाही. रंग द्यायचा असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. भारतात घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आहे. उघड्यावर विकला जाणारा, नाव नसलेला रंग मुलांच्या वस्तूला लावू नका.

आता जोडणी. स्क्रू फळीच्या मागून, तळपट्टीच्या कडेत जातात. आधी २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पट्टी टोकाशी उभी चिरते. सुरुवातीला प्रत्येक पन्हळीचा फक्त वरच्या टोकाचा स्क्रू बसवा आणि खालचं टोक शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) धरा. फळी उभी करा, पाणसळ लावून वरची कड आडवी आहे ना बघा, आणि काठ म्हणून पुठ्ठ्याची पट्टी धरून गोटी सोडा. उतार एक-दोन मिमीने वरखाली करून मनासारखा झाला की दुसरा आणि मधला स्क्रू पिळा. आधीच सगळे स्क्रू घट्ट केले, तर नंतर शेजारी नवं भोक पाडावं लागतं आणि स्क्रू जुन्याच भोकात घसरतो.

मग काठपट्टी. फेविकॉलची एकच बारीक धार, दोन-तीन शिकंजे, रात्रभर तसंच. दाबताच आतल्या कोपऱ्यात फेविकॉलचे थेंब येतात. ओल्या फडक्याने लगेच पुसा, मग चौकोनी टोकाची काडी कोपऱ्यातून फिरवा. तो थेंब वाळला की काचेसारखा कडक होतो आणि गोटी नेमकी तिथेच अडखळते. कान लावून ऐका: चांगल्या पन्हळीत सलग सर्रर्र आवाज येतो. मध्येच टक् झालं तर तिथे थेंब, भुसा किंवा स्क्रूचं वर आलेलं टोक आहे. आवाज बदलून घर्रर्र झाला तर गोटी दोन्ही बाजूंना घासते आहे, म्हणजे काठ आत झुकला आहे.

उभ्या पट्टीवर जिथे गोटी आदळते तिथे आणि खाली पडते त्या जागी ४० मिमी फेल्ट चिकटवा, त्यापुढे मात्र नको, वेग मरतो. फेल्टशिवाय काच लाकडावर पडल्याचा टणत्कार बंद खोलीत फार लागतो. वळणांवर आणि शेवटच्या पडावावर ॲक्रिलिकचा तुकडा दोन स्क्रूंनी उभ्या पट्टीवर लावा, गोटी पुढे उडत नाही. ॲक्रिलिकला भोक पाडताना ड्रिल हळू फिरवा आणि कडेपासून किमान ८ मिमी आत राहा, नाहीतर तडा जातो. तळाला फेल्ट लावलेलं, २५ मिमी काठाचं तबक.

तयार फळी पाचेक किलोची होते. चार कोपऱ्यांत ८ मिमीचे प्लग ५० मिमी खोल, नुसत्या गिलाव्यात नव्हे तर विटेत बसवा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो. मागे चार रबरी चकत्या ठेवल्या की आवाज भिंतीतून शेजारी जात नाही. वरची कड जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर ठेवली तर पाच वर्षांचं मूल आरामात गोटी सोडू शकतं. पलंगाच्या वरच्या भिंतीवर ही फळी लावू नका.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ही गोटी कधीच देऊ नका. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी लहान भागांची जी चाचणी करतात तिची नळी ३१.७ मिमी व्यासाची असते, तिच्यात ही गोटी सहज मावते आणि घशात अडकू शकते. घरात धाकटं भावंड असेल तर मोजक्या दहा गोट्या ठेवा. जाड पट्टीत १२ मिमीची दहा भोकं पाडून ती उंच कपाटावर ठेवा. १६ मिमीची गोटी त्या भोकावर अडीच-तीन मिमी बसते, घरंगळत नाही. झोपताना गोट्या लावल्या की रिकामं भोक लगेच दिसतं. ती गोटी सापडेपर्यंत धाकट्याला जमिनीवर सोडू नका.