सेन्सर नवा, सेल्फ दणदणीत, तरी गाडी पकडत नाही

आयटीआय करून नुकतेच गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. बॅटरी, फ्यूज, रिले, प्लग तुम्हाला बघता येतात, त्यात शिरत नाही. विषय एकच: गाडी दुसऱ्याच तक्रारीवर आली, तुम्ही क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट फिरतोय हे सांगणारा) बदललात किंवा नुसता काढून साफ करून लावलात, आणि आता सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडत नाही. मालक हाताची घडी घालून मागे उभा. "येताना तर चालत आली होती," असं तो म्हणणारच.

त्याचं म्हणणं खरं धरा. चालत आलेली गाडी तुमच्या हाताखालून गेल्यावर बंद पडली, तर दोष बहुतेक वेळा तुमचा हात पोचला त्या वीतभर जागेतच असतो. पंप, इंजेक्टर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्यावर संशय घ्यायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी काय काय उघडलं ते आठवा. एअर फिल्टरची नळी परत बसली का? गिअरबॉक्सवरची अर्थची वायर बाजूला केली होती, ती आवळली का?

आणि उगाच सेल्फ मारत बसू नका! एका दमात दहा सेकंदांच्या वर नाहीच. पेट्रोल येत असेल तर प्लग भिजतात, बॅटरी १० व्होल्टच्या खाली उतरते, मग ईसीएमही धड चालत नाही आणि एका दोषाचे तीन होतात. "धक्का मारून बघू" म्हणणारे शेजारी हमखास जमतात. त्यांना चहा पाजा, पण धक्का नको. क्रँक सेन्सरचा सिग्नल नसेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही. तो ना ठिणगी देतो, ना पेट्रोल सोडतो. खंबाटकीच्या उतारावरून सोडलीत तरी तेच.

चावी ऑन करून चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर ईसीएमला करंट किंवा अर्थ पोचत नाही, नाहीतर ५ व्होल्टची लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. ही लाइन बऱ्याच गाड्यांत दोन-चार सेन्सरमध्ये वाटलेली असते, एक शॉर्ट झाला की बाकीचेही मुके होतात. एकेक सेन्सरचा कप्लर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) काढत जा. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर. चावीचा दिवा लुकलुकत असेल तर भानगड इमोबिलायझरची (चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेची), सेन्सरची नाही.

दिवे ठीक असतील तर स्कॅनर (ईसीएममधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. कोड पुसायच्या आधी लिहून घ्या, हे पन्नासदा सांगूनही पोरं आधी पुसतात. मग लाइव्ह डेटात आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. २०० च्या आसपास आकडा दिसला तर क्रँक सेन्सर बोलतोय. कॅम सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर, स्पार्क यांच्याकडे वळा. शून्य दिसलं आणि पी०३३५ आला, तर पुढचं नीट वाचा. हा कोड सेन्सर मेला असं म्हणत नाही, त्याच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो.

मी अडकलो ते इथेच. तीन पिनांचा हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा, बाहेरून करंट लागणारा) होता. कप्लर काढला, मीटरची टोकं भोकांत घातली. एकावर ५ व्होल्ट, दुसऱ्यावर अर्थ चोख, तिसऱ्या सिग्नलच्या वायरवरही ५ व्होल्ट. म्हणजे वायरिंग ओके, म्हणजे नवा सेन्सर डुप्लिकेट. उस्ताद म्हणाले, "दुसरा आण." आणला. आरपीएम शून्यच. दोष सेन्सरचा नव्हताच, कप्लरचा होता.

कप्लरच्या आत प्रत्येक वायरच्या टोकाला एक छोटं फीमेल टर्मिनल असतं आणि ते प्लॅस्टिकच्या जिभलीवर अडकून जागेवर राहतं. जुना कप्लर स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की जिभली तुटते. मग नवा सेन्सर लावताना त्याची पिन टर्मिनलमध्ये शिरायच्या ऐवजी त्याला दोन-तीन मिलिमीटर मागे ढकलते. 'टक' असा आवाज येतो, कारण कप्लरचं लॉक बसलेलं असतं. आत मात्र पिन आणि टर्मिनल एकमेकांना शिवलेलेच नसतात. तुम्ही कप्लर काढून मीटरचं लांब टोक घालता, ते मागे सरकलेल्या टर्मिनलपर्यंत आरामात पोचतं आणि ५ व्होल्ट दाखवतं. सेन्सरची पिन तेवढी लांब नसते. कप्लर लावून ठेवून मागून टाचणी घातलीत तरी हेच फसवे ५ व्होल्ट दिसतील, कारण तुम्ही मोजताय वायर. वायरला काही झालेलंच नाही.

वर आणखी एक. मीटरचं जाड टोक टर्मिनलमध्ये दाबलं की त्याचं तोंड फाकतं. नसलेला दोष तपासण्याच्या नादात तयार होतो. म्हणून समोरून टोक खुपसायचं नाहीच.

मग पकडायचं कसं? आधी टॉर्च मारून कप्लरच्या तोंडात बघा, एखादं टर्मिनल इतरांपेक्षा खोल दिसतं का. मागून एकेक वायर हलकेच ओढा. जी सरकते ती सापडली. जुना सेन्सर फेकू नका, तो फोडून त्याची एक पिन काढून ठेवा. ती प्रत्येक भोकात घालून बाहेर ओढा, पकड जाणवली पाहिजे. एका भोकातून ती अलगद निसटली तर टर्मिनल फाकलंय. हे बोटांना कळतं, मीटरला नाही.

खात्री करायची तर कप्लर लावा, सिग्नलच्या वायरला कप्लरच्या मागून टाचणी घालून मीटर लावा, कॉइल आणि इंजेक्टरचे कप्लर काढून ठेवा, चावी ऑन करा आणि क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने सावकाश फिरवा. आकडा शून्य आणि ५ च्या मध्ये उड्या मारायला हवा. ५ वरच गोठला तर करंट, अर्थ किंवा सिग्नल यांतली एखादी लाइन सेन्सरला जुळतच नाहीये, किंवा सेन्सर खरंच गेलाय. पण तो बाद ठरवायच्या आधी पकड बघा. टेस्ट लॅम्प या वायरींना लावायचा नाही, ईसीएम उडवाल. वायरची साल टाचणीने भोसकायचीही नाही; कोकणातली गाडी असेल तर एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो.

दोन पिनांचा सेन्सर असेल तर ओहम मोजता येतात, हॉलचे मोजू नका. दोन पिनांत नवा कप्लर जोडताना वायरी उलटसुलट झाल्या तर ओहम तेच येतात आणि गाडी मात्र रुसते, एवढं ध्यानात ठेवा.

"बदलून बघ" म्हणणारा उस्ताद वाईट नसतो, पण त्याच्याकडून बदलणंच शिकाल. हात थरथरले, मालक ओरडला, तरी घाबरू नका. आम्हा सगळ्यांचे थरथरलेत. सुट्टीच्या दिवशी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगारात जाऊन तुटके कप्लर आणा आणि घरी टर्मिनल काढा-घाला. मोबाइलवरच्या व्हिडिओतून ही पकड कळत नाही.

गाडी लागली की लगेच चावी देऊ नका. पंखा लागेपर्यंत चालू ठेवा, बंद करा, गरम असतानाच परत लावा, चालू असताना वायरिंग हलवून बघा. वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब क्लिपमध्ये बांधा. "एवढ्याशा टर्मिनलचे एवढे पैसे?" असं मालक म्हणेल, मजुरी शोधण्याची आहे, ती मागा. दुसरा सेन्सर मात्र त्याच्या बिलात चढवू नका. इलेक्ट्रिकचा माल दुकानदार सहसा परत घेत नाही, तेव्हा तो फळीवर ठेवून द्या, पुढच्या गाडीला ताडून बघायला होईल.