लेकीची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी टेस्ट करताना
साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास, आणि माझ्या दोन वर्षांच्या लेकीच्या ओठांभोवती गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा थोडं कूट चाटवून बघ." घरी असं अजिबात करू नका. खाऊ घालून करायची चाचणी दवाखान्यातच, अ‍ॅड्रेनॅलिनचं (तीव्र अ‍ॅलर्जी उसळली तर लगेच द्यायचं) इंजेक्शन हाताशी असताना.

स्किन प्रिक टेस्ट म्हणजे त्वचेवर टोचून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी. तिच्याआधी अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची लक्षणं दाबणारं) औषध किती दिवस थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. बहुधा ५ ते ७ दिवस. ताप किंवा धाप असेल तर तारीख पुढे ढकला.

पाठीवर शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब, त्यातून हलकी टोच. मग १५ मिनिटं खाजवू द्यायचं नाही, खरी कसोटी तीच. मी तिचे हात धरून काऊ-चिऊची गोष्ट तीनदा सांगितली. ३ मिलिमीटरची गांधी आली म्हणजे अ‍ॅलर्जी पक्कीच, असं नसतं. विनात्रास पचणारे पदार्थ रिपोर्ट बघून परस्पर बंद करू नका.