आईच्या बांगड्या वाचवायच्या असतील तर

हे बोलणं वडील धडधाकट असतानाच काढा. अभद्र काय बोलतेस म्हणतील, म्हणू देत. मी विषय काढला तेव्हा आई मेथी निवडत होती, आप्पा रेडिओ लावून बसले होते. सरळच विचारलं, "तुमच्यामागं आईच्या बांगड्या फोडायच्या का?" आप्पा म्हणाले, "त्या मी कुठं दिल्यात? ती माहेरापासून घालतीया." हे वाक्य पुढं मला फार उपयोगी पडलं. तुमच्याकडं असं काही निघालं तर चुलत्यांच्या कानावर लगेच घाला.

आईला मात्र एकटीला गाठून विचारा. काय ठेवायचं, काय काढायचं हे तिचं तिनं सांगावं. माझ्या आईला बांगड्या आणि टिकली हवी होती. जोडवी नको म्हणाली, बोटाला रुततात. मंगळसूत्राचं बरेच दिवस ठरेना, शेवटी काढलं. मला वाईट वाटलं, पण आपण सुधारक म्हणून तिच्या गळ्यात काही अडकवून ठेवणं हीही जबरदस्तीच.

आता मुख्य काम. माणूस नेमा. त्या दिवशी पुरुष बाहेर तिरडीच्या गडबडीत असतात आणि आत बायकांच्या गराड्यात पाच मिनिटांत सगळं उरकतं. तुम्ही स्वतः रडत असता, तुमच्याच्यानं होत नाही. भावकीतली वयस्कर बाई बघा, शक्यतो विधवाच, कारण बांगड्या फोडायला पुढं होतात त्याही बहुतेक विधवाच असतात. आमच्याकडं थोरली चुलती होती. आप्पा अंथरुणाला खिळल्यावर मी तिला सांगून ठेवलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्या दिवशी एकीनं आईचं मनगट धरलं तशी चुलतीनं आईचे दोन्ही हात आपल्या पदराखाली घेतले. "सोड तिला. माझ्या फोडल्या तवा काचा रुतल्या, त्या काढाय कोण आलं न्हवतं."

भाषण करू नका. कुणी रीत काढलीच तर हेरवाडचं नाव घ्या. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कायदा नव्हे तो, पण आमच्या भावकीतल्या पुढाऱ्यांना कागद म्हटला की धीर येतो. मोबाईलमध्ये बातमी ठेवा.

दहाव्याला पुन्हा सावध राहा. आदल्या वेळी राहिलेलं नदीवर उरकू बघतात.

खरी कसोटी नंतर. भांडत कुणी नाही, फक्त बोलावणं येत नाही. गल्लीतलं हळदीकुंकू आमचं दार चुकवून जायचं. वर्षश्राद्ध झाल्यावरच्या संक्रांतीला आम्हीच घरी ठेवलं. तेवीस घरांत सांगितलं, सहाजणी आल्या. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, सतरा उरल्या. आईनं कुंकवाचं बोट पहिलं चुलतीच्या कपाळाकडं नेलं तर ती मागं सरली. "मला आता सवय न्हाय गं." मग जरा वेळानं म्हणाली, "नुसती हळद लाव."