मिनी दाल मिल टाकताय? आराखड्यातील या चुका टाळा

अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यात तूर घरचीच असते आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी दाल मिलचे यंत्रही विकसित केलेले आहे, त्यामुळे गावातच मिल टाकण्याचा विचार मुळीच अव्यवहार्य नाही. अशी मिल बंद पडते ती बहुधा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर हातातला पैसा संपल्यामुळे.

प्रकल्प अहवालात शेड, यंत्र, मोटार यांचा तपशीलवार खर्च असतो. तुरीसाठी लागणारे खेळते भांडवल मात्र एका ओळीत उरकलेले असते. रोज ५ क्विंटल तूर भरडायची, महिन्याचे २५ दिवस मिल चालवायची आणि भाव क्विंटलला ७,००० रुपये धरायचा, तर एका महिन्याच्या मालालाच ८ लाख ७५ हजार रुपये लागतात. त्यात आवक जानेवारी ते मार्चमध्ये एकवटते आणि किराणा दुकानदार डाळ उधारीवर नेतो.

दुसरी चूक उताऱ्याची, म्हणजे तुरीतून किती डाळ निघेल या अंदाजाची. क्विंटलमागे ८० किलो डाळ धरली की किलोला तुरीचा खर्च साडेसत्त्याऐंशी रुपये दिसतो. प्रत्यक्षात ७० किलो निघाली की तोच १०० रुपये होतो, वीज आणि मजुरी वेगळीच. चुरी जनावरांसाठी विकली जाते, पण तिच्या पैशांतून ही तफावत भरून निघत नाही.

अनुदानाच्या भरवशावर माल खरेदीचे गणित मांडू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. मात्र ती रक्कम कर्जाशी जोडलेली असून तीन वर्षांनंतर कर्जखात्यात जुळवली जाते.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, त्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची घाईही नको, कारण व्यवहार शून्य असला तरी लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत. शेतीपंपाच्या जोडणीवर तर मिल चालवूच नये. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो.

मिल आधीच टाकली असून भांडवल अडकले असेल, तर काही काळ स्वतःची खरेदी थांबवून शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून द्यावी. पुढील हंगामाआधी बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे गरजेप्रमाणे पैसे काढता-भरता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा मागावी, आणि साठवलेली तूर राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर कर्ज मिळते का, तेही त्याच भेटीत विचारावे.