छोट्या चेटकिणींच्या गोष्टी मुलांना कशा वाचून दाखवाव्यात

आपल्या मुलांच्या ओळखीची चेटकीण म्हणजे बहुधा ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची. जादू शिकणाऱ्या मुलींच्या गोष्टींत मात्र चेटकीणच नायिका असते, आणि तिला जादू सहजासहजी जमत नाही. वाचताना हे न जमणंच मुलांपर्यंत पोचवायचं आहे.

आधी वयानुसार पुस्तक निवडा. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी जिल मर्फी यांचं ‘द वर्स्ट विच’ (1974) मला सगळ्यांत योग्य वाटतं. त्यातल्या मिल्ड्रेडला झाडूवर नीट उडता येत नाही. वर्गातल्या इतर मुलींना काळी मांजरं मिळतात, तिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू येतं. दहाच्या पुढच्यांना एइको कादोनो यांची किकी (1985) द्या. ती तेराव्या वर्षी घर सोडून परक्या शहरात राहायला जाते आणि उडण्याच्या एकुलत्या एका विद्येवर लोकांची सामानसुमानं पोचवून पोट भरते.

उद्याचं प्रकरण आजच स्वतः वाचून ठेवा. पुस्तक इंग्रजीत असेल तर समोर धरून सरळ मराठीत सांगा. शब्दाला शब्द जुळवत बसू नका. मंत्र मुलांनाच रचू द्या. यमक जुळलं की ती स्वतःहून ओरडून म्हणतात.

सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे चूक होण्याच्या क्षणी थांबणं. परीक्षेत हसवणारं औषध करायचं असतं आणि मिल्ड्रेडच्या कढईत अदृश्य करणारं तयार होतं. तिथे पुस्तक मिटवा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तर कितीही अचाट असो, पूर्ण ऐका. ‘म्हणून लक्ष देऊन अभ्यास करावा’ असं चुकूनही म्हणू नका. त्या एका वाक्याने गोष्टीचा धडा होतो.

मग एक वही करा. या जगात जादूने काय होतं, काय होत नाही, ती करायला काय मोजावं लागतं, हे मुलांना लिहू द्या. पुढे स्वतःची गोष्ट रचताना हीच वही कामी येते.

मोठी मुलं कधीतरी विचारतात, ‘खरंच चेटकिणी असतात का?’ नसतात, हे स्पष्ट सांगा. पण डाकीण ठरवून खऱ्याखुऱ्या बायकांचा छळ झाला आहे, आणि महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हेही सांगा. फक्त हे बोलणं झोपताना नको, दिवसा निवांत बसून करा.